कुणाचा बैल घेतला?

नवा पाळक वस्तीत आला, की राहेलआक्का पहिले दोन-तीन रविवार तोंड उघडत नसत. देवळात, म्हणजे आमच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात, दाराजवळच्या खांबाला पाठ लावून बसायच्या आणि उपदेश करणाऱ्याकडं एकटक बघायच्या. मग एखाद्या सोमवारी, अंबाडीचे पेड पायाच्या अंगठ्यात अडकवून दोर वळता वळता, निकाल द्यायच्या.

"ह्यो काय मोशे न्हाई. मोशेला धड बोलता येत नव्हतं. ह्याला थांबता येत न्हाई."

शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, प्रत्येक पुढारी त्यांच्या घरातला असल्यासारखा होता. मोशे, गिदोन, दावीद, पेत्र, पौल. कोण चिडका, कोण भित्रा, कोण बायकोचं ऐकणारा, सगळं त्यांना ठाऊक. आणि समोरचा पाळक, मंडळीचा वडील म्हणजे पंच, नाहीतर दौऱ्यावर आलेला मोठा साहेब, यांच्यातल्या कुणाजवळ तरी उभा करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बहुतेकजण त्या पुढाऱ्याशेजारी उभे राहिले की बुटके दिसत. आक्कांना त्याचा राग कधीच आला नाही. त्यांना फक्त हसू यायचं, आणि त्यांचं हसणं ओढ्याच्या अलीकडून पलीकडं ऐकू जायचं.

मी सोलापूरहून होनवाडीच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. नाक्यावरच्या शिपायानं माझी ट्रंक उघडून पुस्तकं खाली-वर केली, उर्दूत काहीतरी विचारलं, मला उत्तर आलं नाही म्हणून स्वतःच हसला आणि जाऊ दिलं. अणदूर मागं टाकून बैलगाडी होनवाडीला पोचली तेव्हा दुपार टळत होती. आमची ख्रिस्ती वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडं. तिथं लिंबाखाली एक काटक, काळीसावळी, पांढऱ्या केसांची बाई दोर वळत बसली होती. तिनं मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"सोलापूरची ना तू? तिकडं पाळक पायी फिरतेत का गाडीत?"

मी म्हटलं, बघितलं नाही. तर म्हणाल्या, "मंग पुढच्या खेपंला बघून ये." त्या दिवसापासून आक्का माझ्या शेजारीण.

त्यांचा धंदा दोरांचा. कासरा, दावं, येसण, विहिरीचा सोल, जे लागेल ते. आसपासच्या वाड्यांतलं जवळजवळ प्रत्येक जनावर त्यांनी वळलेल्या दाव्याला बांधलेलं असे. दोर वळता वळता गोष्टी चालायच्या. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. सासऱ्याकडून ऐकलेल्या गोष्टी, आणि त्याही इकडच्या तिकडं मिसळलेल्या. नोहाच्या तारवात त्या माशाच्या पोटातल्या योनालाही बसवत. मी दुरुस्ती केली की म्हणत, "आसू दे की. जागा व्हती तितं." समुद्र त्यांनी बघितलेला नव्हता. मोशेनं दुभंगलेला समुद्र नळदुर्गाजवळच्या बोरी नदीएवढा, फार तर पुरातल्या बोरीएवढा. पण इस्राएल लोकांना फारोनं वेठीला धरून विटा पाडायला लावल्या, हे सांगताना मात्र त्यांचा हात थांबायचा. वस्तीतल्या पोरासोरांनाही वेठ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नसे. महसुलाचा गिरदावर आला की गाडी द्या, पोलिसांचा अमीन आला की कोंबडी द्या, कुणीही साहेब आला की बैल द्या. फुकट. मागायचीसुद्धा गरज नव्हती; साहेबाची टोपी ओढ्यावर दिसली की बैल सोडायचा, ही रीतच होती.

आक्कांचा एक दुर्गुण होता, तोही सांगून टाकते. दुसऱ्याची वस्तू त्या हक्कानं नेत आणि परत करायचं साफ विसरत. माझी छत्री त्यांनी एका पावसात नेली. तिची मूठ सैल झाली तर तिला अंबाडीची दोरी गुंडाळून पक्की केली, आणि मग ती त्यांचीच झाली. मी कधी मागितली नाही.

मंडळीचे वडील योहानतात्या हे वस्तीतले भारदस्त गृहस्थ. पाळकाविरुद्ध ब्र काढलेला त्यांना खपत नसे. एकदा ते आक्कांवर फार संतापले. "पाळक देवानं नेमलेला आस्तो, आक्का. मोशेच्या सख्ख्या बहिणीनं, मिर्यामनं, मोशेला नावं ठेवली, तर तिच्या अंगावर कोड फुटला. ध्यानात ठेवा. उद्या मंडळीबाहेर काढावं लागंल तुमाला."

आक्कांनी दोर खाली ठेवला. दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे केले, उन्हात धरले, उलटेसुलटे करून बघितले.

"न्हाई फुटला, तात्या. म्हंजे माझं खरं आसंल."

तेव्हापासून पाळकाबद्दल काही बोलून झालं, की त्या मुद्दाम हात उन्हात धरून बघत आणि आम्ही सगळ्या बायका पोट धरून हसत असू. तात्या मान फिरवत. पण एकदा मी त्यांना गोठ्यामागं तोंडावर उपरणं धरून हसताना बघितलंय.

मग भास्करसाहेब आले. वयानं तरुण, अंगानं गोल, मनानं फार चांगले पाळक. आवाज असा, की आमेन म्हणाले तर पत्रा थरथरायचा. शास्त्रातलं एखादं माणूस आलं की त्याचं सोंगच उभं करायचे: धिप्पाड गल्याथाचा आवाज जाड, दाविदाचा कोवळा. त्यांची एकच शान होती, एक घडीची खुर्ची. कुठल्याही वाडीला गेले की खुर्ची पुढं, साहेब मागं. आक्कांनी तीन रविवार वाट बघितली आणि चौथ्या रविवारी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, अमालेक्यांची लढाई चालली व्हती तवा मोशे दमला. मंग त्याला दगडावर बसवला. खुर्ची नव्हती का वो तितं?"

भास्करसाहेबांनी गंभीरपणानं विचार केल्यासारखं केलं. "आक्का, मोशेच्या वेळी घडीची खुर्ची निघाली नव्हती. निघाली असती तर त्यानं नक्की आणली असती."

आक्का अशा हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. घरी येताना म्हणाल्या, "ह्यो शिकंल. ज्याला हसता येतं त्यो शिकतो."

साहेबांना दौऱ्यासाठी एक दमणी होती, तट्ट्याची झापड घातलेली हलकी गाडी. मिशनचे दोन बैल होते, त्यातला एक दगावला. दुसरा यायला वेळ होता. आणि नेमकं त्याच वर्षी हस्ताचा पाऊस चांगला झाला.

इथं शिमोनबद्दल सांगायला हवं. शिमोन आमच्या वस्तीतला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. ओढ्याच्या वर त्याचा काळ्या रानाचा एक तुकडा होता. त्याचा एक बैल आणि शेजारच्या वाडीतल्या मेहुण्याचा एक, अशी जोडी करून दोघांची पेरणी व्हायची. पाऊस उघडला, रान वाफशावर आलं, पेरण्याजोगं झालं. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीची वेळ ती हीच. चार दिवस इकडंतिकडं झाले की वरची ओल उडते, मग टाकलेलं बी मातीत नुसतं पडून राहतं. आणि शिमोनचा बैल पाळकाच्या दारात बांधलेला. रस्ते सुकले म्हणून दौऱ्याचा हंगामही तोच.

हा बैल तिथं कसा आला, हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. आक्का दोराचं गिऱ्हाईक बघून परत येत होत्या, तर पाळकाच्या अंगणात त्यांना स्वतःच्या हातचं दावं दिसलं. बैल त्या एवढा निरखून बघत नसत, पण कुठलं दावं कुणासाठी वळलं ते ओळखत. वाटेत मी भेटले, तर मलाही घेऊन तशाच शिमोनच्या घरी गेल्या. तो पेरणीची तिफण दुरुस्त करून, दारात टेकवून, आभाळाकडं बघत बसला होता.

"बैल तितं कशापाई?"

"साहेबाला दौरा हाय, आक्का."

"मागितला त्येंनी?"

"न्हाई. साहेबानं मागायचं आस्तंय व्हय? त्येंचा बैल मेला, म्या नेऊन बांधला."

"आन तुझी पेरणी?"

शिमोननं तिफणीकडं तोंड फिरवलं. त्याची बायको आत चुलीपुढं पाठमोरी बसून होती, तिनंही वळून बघितलं नाही. मेहुण्याचा निरोप येऊन गेला होता, की उद्या-परवा बैल नाही आला तर मी दुसऱ्या कुणाशी जोडी लावतो. मी आक्कांच्या मागंच उभी होते. म्हटलं, मी जाऊन साहेबांना सांगते. आक्कांनी माझा हात धरला.

"तू सांगितलंस तर त्येंला वाटंल शिमोन चुगली करतो. आन शिमोन लाजून म्हनंल, ऱ्हाऊ द्या साहेब, बैल तुमचाच हाय. थांब जरा. शमुवेलाला बोलीवते."

शमुवेलाची ती गोष्ट मला माहीत होती. इस्राएलांचा हा पुढारी म्हातारा झाल्यावर लोकांपुढं उभा राहून विचारतो, की मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणाला लुबाडलं? असेल तर तोंडावर सांगा, मी परत करतो. तो शुक्रवार होता. आक्का त्या संध्याकाळी पाळकाच्या घरी गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, रविवारी उपदेशाला शमुवेलाचं शेवटचं बोलनं घ्या की. तुमच्या आवाजात लई शोभंल." साहेब खूष. त्यांना काय, सोंग मिळालं.

शिमोनला आक्का एवढंच म्हणाल्या, "रविवारी साहेब काय तरी इचारतील. तू खरं सांग. देवळात खोटं बोलू नगं."

रविवारी देऊळ भरलेलं. भास्करसाहेबांनी शमुवेल असा रंगवला, की म्हाताऱ्याच्या दाढीचे केससुद्धा दिसावेत. पाठीत वाकले, आवाज कापरा केला, काठीच्या जागी छत्री धरली. मग एकदम ताठ होऊन, दोन्ही हात पसरून गरजले, "सांगा! कुणाचा बैल मी घेतला?"

शिमोन उठून उभा राहिला.

"माजा, साहेब."

साहेब गोंधळले. मग समजुतीनं हसले. "अरे शिमोन, खाली बस. हे मी नाही विचारत. शमुवेल विचारतोय."

"शमुवेलानं न्हाई घेतला, साहेब. तुमी घेतलाव."

तात्यांनी कपाळावर हात मारला. मागच्या बाजूला एक बाई फिसकन हसली आणि तिला कुणीतरी कोपरानं ढोसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण तो रागानं नव्हे, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांना खरंच काही समजत नव्हतं.

"पण तू तर आपण होऊन आणून बांधलास. आनंदानं दिलास. मला वाटलं, प्रभूच्या कामासाठी, प्रीतीनं..."

"व्हय साहेब, आनंदानंच दिला," शिमोन अगदी मनापासून म्हणाला. "गिरदावरसाहेबाला बी आनंदानंच देतो."

आता मात्र आख्खं देऊळ फुटलं. लहान-थोर, बाया-बापे, सगळे हसू लागले. हसू थांबलं ते साहेब पायरीवर मटकन बसले तेव्हा. खुर्ची शेजारीच होती. तिच्यावर बसले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते बसणं आहे. वस्तीनं त्यांना गिरदावर समजून बैल दिला आणि ते त्याला प्रीतीचं दान समजले. रोज त्या बैलाच्या मानेवर हात फिरवून ते देवाचे आभार मानत होते, हे त्यांनीच पुढं मला सांगितलं.

मग साहेबांनी स्वतःच्या आवाजात, शमुवेलाच्या नव्हे, विचारलं, "पेरणी झाली तुझी?"

"न्हाई, साहेब."

"ओल आहे अजून?"

"आज हाय, लई तर उद्या."

साहेब उठले. तात्या लगबगीनं पुढं झाले. "साहेब, आज रविवार. शब्बाथ. औत धरायचं न्हाई."

खांबाकडून आक्कांचा आवाज आला. "तात्या, शब्बाथाला बैल खड्ड्यात पडला तर वर काढायचा का न्हाई? प्रभूनं काय सांगितलंय?"

"पर बैल कुटं खड्ड्यात पडलाय?"

"पाळकाच्या दारात पडलाय की!"

त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसले ते भास्करसाहेब. सभा तिथंच मोडली. साहेबांनी जाऊन स्वतः दावं सोडलं, आणि काळ्या कोटात, बैल पुढं घालून, ओढा ओलांडून शिमोनच्या रानाकडं निघाले. मागं आम्ही सगळी मंडळी, गाणी म्हणत. मेहुण्याला सांगावा धाडला, तोही बैल घेऊन पळत आला. तिफण जुंपली. आक्का आणि शिमोनची बायको चाड्यावर बी सोडायला. साहेब म्हणाले, पहिली फेरी मी धरणार. शिमोन नको नको म्हणतोय तोवर त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि तिफणीचं रुमणं धरलं.

उपदेश त्यांना सरळ करता येत होता, ओळ नाही. बैल एकीकडं, साहेब दुसरीकडं. "वो शमुवेल, जरा उजवीकडं!" असं आक्का ओरडत होत्या आणि बी सांडत होतं. तात्यांनी अखेर उपरणं कमरेला बांधलं, शब्बाथाला मनातल्या मनात काय सांगायचं ते सांगितलं आणि साहेबांच्या हातून रुमणं घेतलं. दिवस मावळायच्या आत रान पेरून झालं.

शाळू उगवून आला तेव्हा सगळं रान रेघेत आणि मधल्या दोन-चार ओळी मात्र ओढ्यासारख्या वळत गेलेल्या. काढणीपर्यंत लोक मुद्दाम बघायला येत. गिरदावर पाहणीला आला तेव्हा त्यानंही विचारलं, "ये किसने बोया रे? नशेत होता काय?" शिमोन हात जोडून म्हणाला, "आमच्या साहेबांनी." कोण साहेब, केवढा साहेब, हे न कळल्यानं गिरदावर गप्पच बसला. त्याला शमुवेलाचा सवाल विचारायची आमच्यात तेव्हा कुणाची छाती नव्हती.

भास्करसाहेब पुढं दौरे पायी करू लागले. खुर्ची शाळेला दिली; तिच्यावर बसून मी बरीच वर्षं हजेरी घेतली. वर्षभरात साहेबांचं पोट उतरलं. आक्कांनी त्यांना ओढ्यावरून येताना बघितलं, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाल्या, "आता लांबून पौलासारखं दिसतंय. जवळून आजून भास्करच हाय." आणि दरवर्षी पेरणीआधीच्या रविवारी साहेब आपण होऊन उभे राहून तो सवाल विचारायचे. पहिल्या वर्षी लोक लाजले. दुसऱ्या वर्षी एका बाईनं सांगितलं, तुमची शेळी माझी भाजी खाती. मग सगळ्यांनाच धीर आला.

ही गोष्ट गावात पसरली. लिंगायत वाणी शिवलिंगप्पा आक्कांचे दोर घ्यायचे. त्यांच्या मठाचे स्वामी मोठ्या लवाजम्यानं यायचे, आणि त्या लवाजम्याची सरबराई करून शिवलिंगप्पांचं घर टेकीला यायचं. ते एकदा दोर जोखता जोखता हळूच म्हणाले, "आक्का, तुमचा त्यो सवाल आमच्या स्वामींना इचारावा म्हनतो."

आक्का म्हणाल्या, "माजा शमुवेल कशाला उसना नेता, शेट? तुमच्यात बी कुनी साधं, खरं मानूस झालं आसंल की. त्याचा सवाल इचारा."

शिवलिंगप्पा तराजू हातात धरून बसून राहिले. मग त्यांची मान हलू लागली, ओठांवर हसू आलं. "हौदु, आक्का. व्हय, झालंय की. आमचा त्यो मानूस तर लई कडक झालाय." पुढं त्यांनी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. पण पुढच्या खेपेला स्वामी थोड्याच माणसांनिशी आले, एवढं बघितलं.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी आक्कांच्या हाताला कापरं भरलं. पेड नीट बसेनात. सोलापूरकडं दिलेली त्यांची लेक न्यायला आली. निघायच्या आदल्या रविवारी उपासना झाल्यावर आक्का खांब सोडून पुढं गेल्या आणि भास्करसाहेब उभे राहत त्या जागी उभ्या राहिल्या.

"म्या पाळकाला इचारायला लावलं. आता माजी पाळी. सांगा, कुनाचा बैल म्या घेतला? कुनाचं गाढव?"

क्षणभर सगळे गहिवरले. मग कुणीतरी म्हणालं, "माजी चाळण!" आणि धरण फुटलं. माझा कोयता, माझी परात, माझी जात्याला टाकी लावायची छिन्नी. तात्या उठून म्हणाले, "माजी झोप." साहेब म्हणाले, "माझे निम्मे उपदेश." आक्का हसून हसून खाली बसल्या. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिमोनच्याच गाडीतून त्या निघाल्या. चाळणी, कोयते, पराती सगळ्यांच्या घरी पोचवून झालं होतं. मी ओढ्यापर्यंत पोचवायला गेले. ओढा ओलांडायच्या आधी आक्कांनी गाडी थांबवली. बोचक्यामागून, दोरी गुंडाळलेल्या मुठीची छत्री बाहेर काढली.

"मास्तरीणबाई, काल तू गप का ऱ्हायलीस?"

"असू द्या आक्का. तुम्हाला उन्हाची लागेल."

"आसंच करता तुमी!" त्या खरंच चिडल्या होत्या. "तुमी गप ऱ्हाता, म्हून आमी बिघडतो. शिमोन गप ऱ्हायला आसता तर रान पडीक ऱ्हायलं आसतं आन त्यो भला पाळक गिरदावर झाला आसता. माग. तोंडानं माग."

मी हात पुढं केला. म्हणाले, "आक्का, माझी छत्री द्या."

त्यांनी दिली. दोन्ही हातांनी, वाकून, साहेबाला द्यावी तशी. मग हात उन्हात धरले, उलटेसुलटे करून बघितले, आणि तोंडभर हसल्या.

"आता म्या मागते. ऊन लई हाय बाई. तुजी छत्री दे मला."

मी दिली. शिमोननं बैल हाकला. गाडी ओढ्यातून वर चढली आणि त्याच्या रानाच्या कडेकडेनं जाऊ लागली. त्या सालीही शाळू गुडघाभर आला होता, आणि आता सगळ्या ओळी सरळ होत्या. गाडीवरची ती काळी छत्री शाळूवरून हलत हलत सोलापूरच्या वाटेला लागेपर्यंत मी तिथंच उभी होते.